थंड डोंगराचा इतिहास आणि आपली दोन दिवसांची सहल



पापड-कुरडया वाळून डब्यात गेल्या, ज्वारी घरात आली, लग्नसराईची धावपळ जरा ओसरली, की गटाच्या बैठकीत एक विषय निघतोच. दोन दिवस कुठंतरी जाऊन यायचं का? आमच्या माणदेशातल्या गटांनी यंदा वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर अशी सहल ठरवायला घेतली. ठरवताना पहिला प्रश्न पैशाचा आला नाही. पहिला प्रश्न आला, घरी काय सांगायचं?

देवदर्शनाला निघालेल्या बाईला सहसा कुणी अडवत नाही. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, मांढरदेव, कुठंही म्हणा. पण 'थंड हवेला जाऊन येते' म्हटलं की लगेच ऐकू येतं, "ही चैन कशाला?" म्हणून आम्ही ठरवलं, की आजच्या भागात त्या थंड डोंगराचाच इतिहास सांगायचा. तिथं विसावा घ्यायला कोण गेलं, त्यांना वर कुणी नेलं, कष्ट कुणी केले, हे कळलं की चैन कशाला म्हणायचं तेही कळेल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. महाबळेश्वर काही परक्या मुलखात नाही. माण आणि महाबळेश्वर हे एकाच सातारा जिल्ह्यातले दोन तालुके. तिकडं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपल्याकडं त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि आपण पडतो डोंगराच्या पूर्वेला, पावसाच्या आडोशाला. एकाच जिल्ह्यात एकीकडं गारवा आणि एकीकडं टँकर, असं हे आहे.

आता इतिहास. महाबळेश्वर हे थंड हवेचं ठिकाण झालं साहेबाच्या काळात, पण ते क्षेत्र होतं त्याच्या कितीतरी आधीपासून. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथला मानतात. सगळ्या नद्यांची नावं बायकांची आहेत, हे तुमच्याही ध्यानात आलं असेल. शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली तीही याच ठिकाणी. म्हणजे आई मुलाबरोबर हा डोंगर चढून आली होती. देवासाठी आली, हे खरंच. पण वरचा वारा, समोरची दरी आणि नद्यांचं पाणी तिनंही पाहिलंच असेल ना? आपल्या आज्या-पणज्या यात्रेला जायच्या, तेव्हा दर्शन आणि हवापालट असे दोन वेगळे कप्पे त्यांनी कधी केले नव्हते.

१८२४ साली साताऱ्याला असलेले इंग्रज लष्करी अधिकारी लॉडविक या डोंगरावर चढून आले. तिथली हवा त्यांना मानवली आणि त्यांनी ती गोष्ट वरपर्यंत कळवली. मग मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी मनावर घेतलं. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला. वाईकडचं खंडाळा गाव बदल्यात देऊन इंग्रजांनी डोंगरावरची ही जागा घेतली. तिथं वसलेल्या पेठेला नाव पडलं माल्कम पेठ.

हे सगळं कशासाठी? नीट ऐका. तिथं पहिल्यांदा काढायचं होतं ते आरोग्यधाम. उन्हाळ्यानं आणि तापानं आजारी पडणारे गोरे शिपाई आणि अधिकारी थंड हवेत राहून बरे व्हावेत, हा हेतू होता. त्यांच्या सरकारनं विसाव्याला औषध मानलं, त्यासाठी जागा घेतली, रस्ते केले, बंगले बांधले. पुढं तर उन्हाळ्यात मुंबई सरकारचाच मुक्काम महाबळेश्वरी हलू लागला. त्याला कुणी चैन म्हटलं नाही.

त्या औषधामागं कष्ट मात्र दुसऱ्यांचे होते. चांगल्या सडका होण्याआधी साहेब आणि मडमा पालखीत बसून घाट चढायच्या. पालखीचा दांडा ज्यांच्या खांद्यावर असायचा, त्यांचं नाव कुठल्याही पॉइंटला दिलेलं नाही. जून उजाडला की साहेब खाली उतरायचे. मुसळधार पावसात भिंती विरघळू नयेत म्हणून बंगल्यांना गवताची झापं बांधायची, ती बांधणारे तिथलेच लोक. पावसाळाभर वर राहणारेही तेच.

आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. महाबळेश्वरात तेव्हा एक तुरुंग होता. मलाया, सिंगापूर या बाजूंनी आणलेले शंभरावर चिनी आणि मलायी कैदी तिथं ठेवले होते. घरापासून हजारो मैल लांब आणलेली ती माणसं. त्यांनी बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. आसपासच्या लोकांनी ती लागवड त्यांच्याकडून पाहून उचलली. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला, पण भाजीपाल्याचे मळे राहिले. आज महाबळेश्वरची भाजी आणि फळं म्हणून जे आपण कौतुकानं पाहतो, त्याच्या मुळाशी त्या कैद्यांचा घाम आहे.

वेण्णा तलावाचंही असंच. आज तिथं नावेत बसायला रांगा लागतात. तो तलाव १८४२ साली साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनी बांधून घेतला, तो पाणी साठवायला. नावा नंतर आल्या. आणि इतका पाऊस पडूनही डोंगरातल्या कित्येक वाड्यांमधल्या बाया एप्रिल-मे महिन्यात आजही डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. उतार एवढा, की पाणी थांबत नाही, खाली धावतं. पाण्याची ओढाताण आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तिथं गेल्यावर नळ सुरू ठेवून तोंड धुणारी बाई आपल्या गटातली नसावी, एवढं बघा.

आता सहलीकडं येऊ. आम्ही जो बेत आखला तो सांगतो, तुम्ही तुमच्या गावापासून त्यात फेरफार करा.

पहिला दिवस वाईचा. पहाटेची एसटी धरली तर उन्हं चढायच्या आत वाईला पोचता येतं. कृष्णेच्या घाटावर बसा. वाईची माणसं नदीला कृष्णाबाई म्हणतात आणि तिचा उत्सव वेगवेगळ्या घाटांवर करतात. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. तिथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. घाटावरच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली दिसेल. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा तिकडून आलेली ही घंटा, असं सांगतात. शिदोरी तिथंच सावलीला सोडा.

दुपार कलली की पाचगणीकडं निघायचं. पसरणीचा घाट लागतो. शाहीर साबळे यांचं हे पसरणी गाव. गाडी लागत असेल तर पुढच्या बाकावर बसा, पोट गच्च भरून घाट चढू नका, सोबत आवळा किंवा लिंबू ठेवा. पाचगणी वसवली जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं, १८६० नंतरच्या काळात. आज रस्त्याच्या कडेनं उंच सिल्व्हर ओकची झाडं दिसतात, तशी परदेशी झाडं लावायला त्यानंच सुरुवात केली. पुढं तिथं शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामं निघाली. इथंही पुन्हा तेच, हवा म्हणजे औषध. संध्याकाळी टेबल लँडवर चाला. जांभ्या दगडाचं ते भलंमोठं सपाट पठार आहे. घोड्यावर बसायचं तर भाव आधी ठरवा, नसेल बसायचं तर पायी फिरा. पैसे न देता मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट तिथली मोकळी हवाच आहे. रात्री मुक्काम महाबळेश्वरात.

दुसऱ्या दिवशी अंधारातच उठा. ती सवय आपल्याला आहेच, फक्त त्या दिवशी चूल पेटवायची नाही. विल्सन पॉइंट म्हणजे महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, सुमारे १४३८ मीटर. एका गव्हर्नराच्या नावानं तो ओळखला जातो, पण त्या टेकडीचं जुनं नाव सिंदोळा. तसंच आर्थर सीटचं जुनं नाव मढीमहाल. मुलींना बरोबर नेणार असाल तर दोन्ही नावं सांगा. सूर्य उगवताना बघून मग जुन्या महाबळेश्वराला जा, पंचगंगेचं पाणी डोळ्याला लावा.

त्यानंतर गटानं एकच काहीतरी निवडावं. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी प्रतापगड करावा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मोरोपंत पिंगळ्यांनी हा गड बांधून घेतला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाची भेट झाली ती याच गडाच्या पायथ्याशी. वर भवानीमातेचं देऊळ आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, टोपी, रुमाल आणि पाणी हवंच. ज्यांना चढणं जमत नाही त्यांनी वेण्णा तलावावर बसावं. सगळ्याच ठिकाणी पळत सुटलं की सहल होत नाही, दमणूक होते. आणि कासच्या फुलांसाठी मे महिन्यात जाऊ नका, ती पावसाळ्याच्या शेवटी फुलतात.

मेमध्ये स्ट्रॉबेरीचा हंगाम बहुतेक संपलेला असतो, त्यामुळं ताज्या फळाचा हट्ट नको. या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जवळच्या मांघर गावाला २०२२ साली मधाचं गाव म्हणून मान मिळाला, तिकडं मधपेट्या बघता येतात. तिथल्या बायांशी बोला. शेतात फळ तोडणाऱ्या, जॅम-सरबत करणाऱ्या, कणसं भाजून विकणाऱ्या बाया आपल्यासारख्याच आहेत. मजुरी काय मिळते, गट आहे का, माल कुठं विकता, हे विचारा. घासाघीस करायची तर मोठ्या दुकानात करा, पाटीवाल्या मावशीशी नको.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या गटांनी दरमहा ५० रुपये वेगळे ठेवले. बचतीला आणि कर्जवाटपाच्या रकमेला हात लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांच्या पुढच्या आजींना प्रवास फुकट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. मे महिन्यात गर्दी असते, म्हणून शनिवार-रविवार टाळा आणि राहायची सोय आधी फोन करून पक्की करा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग घरूनच न्या. प्लॅस्टिक वर टाकून येऊ नका. २००१ सालापासून महाबळेश्वर-पाचगणी हा भाग पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून सरकारनं जाहीर केला आहे. तिथून निघालेलं पाणीच खाली कृष्णेनं येतं, हे विसरू नका.

राहिला तो घरचा प्रश्न. मैत्रिणींनो, उन्हातान्हात खुरपणारी, हंडे वाहणारी, पहाटे चारला उठणारी बाई दोन दिवस विसावा मागते, तेव्हा ती साहेबाच्या सरकारनं आपल्या शिपायांसाठी मान्य केलेली गोष्टच मागते. दोनशे वर्षांपूर्वी जे त्यांच्यासाठी औषध होतं, ते आज आपल्यासाठी चैन कसं होईल? त्यांच्या विसाव्याचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर होतं. आपण आपल्या पैशानं, आपल्या पायानं जाणार आहोत.

म्हणून पुढच्या बैठकीत ठरावाच्या वहीत हा विषय घ्या. कोण येणार, कुणाची जनावरं कोण बघणार, म्हाताऱ्या सासूबाईंच्या जेवणाची सोय कोण करणार, हे नावानिशी लिहा. गटातली कुठलीही वहिनी किंवा काकू घरच्या नकारामुळं मागं राहत असेल, तर दोघीतिघी मिळून तिच्या घरी जा आणि दादांशी, मामंजींशी बोला. आणि ठराव लिहिताना नुसतं 'देवदर्शन' असं लिहू नका. दर्शन होईलच. वहीत स्वच्छ अक्षरात लिहा, 'सहल, दोन दिवस', आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.