कीबोर्ड बदलला की ढोलकी का बदलते? मिडी, जीएम, एक्सजीची सोपी माहिती

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर हा पट्टा एकाच महामार्गावरचा. गणेशोत्सव आणि लग्नसराईत इथले कीबोर्डवादक या गावाहून त्या गावी जातात. बऱ्याचदा तिथला कीबोर्ड दुसऱ्याचा असतो. घरी बसवलेलं गाणं पेनड्राईव्हवरून लावावं, तर ढोलकीच्या जागी भलताच आवाज! अशा वेळी दोष बहुधा पेनड्राईव्हचा नसतो, फाईल आणि कीबोर्डचं जमत नसतं.

मिडी फाईलमध्ये काय असतं?
1983 मध्ये आलेल्या मिडीमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता आली. मिडी फाईलमध्ये आवाज नसतो. कोणता सूर, किती जोरात, किती वेळ आणि कुठल्या टोनमध्ये, एवढ्या सूचनाच असतात. नोटेशनची वहीच म्हणा ना! आवाज समोरचा कीबोर्ड आपला लावतो. म्हणूनच ही फाईल काही केबीची असते, तर सीडी दर्जाची एका मिनिटाची वेव्ह फाईल सुमारे 10 एमबीची.

जीएम म्हणजे काय?
1991 च्या जनरल मिडीने 128 टोनना क्रमांक ठरवून दिले आणि 10 नंबरचा चॅनल तालवाद्यांना दिला. यात सतार 105 वर, सनई 112 वर आहे. हार्मोनियम नाही, जवळचा टोन म्हणजे 21 वरचा रीड ऑर्गन. काही यंत्रं 0 पासून मोजतात, तिथं क्रमांक एकने कमी धरावा.

तबला, ढोलकी, हलगी, संबळ मात्र या यादीत नाहीतच. प्रत्येक कंपनी ती आपल्या सोयीच्या जागी ठेवते. म्हणून एकाची ढोलकी दुसऱ्याकडे काँगा किंवा साधा ड्रम होऊन वाजते.

जीएस, एक्सजी आणि स्टाईल
रोलंडचं जीएस (1991) आणि यामाहाचं एक्सजी (1994) ही जीएमचीच वाढीव रूपं. 1999 मध्ये जीएम 2 आलं. एक्सजीची फाईल दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर लावली तर मूळ टोन बहुधा वाजतात, जादा टोन आणि इफेक्ट हरवतात. स्टाईल फाईलचं तर वेगळंच. यामाहाची स्टाईल कॉर्ग किंवा कॅसिओवर सहसा थेट चालत नाही.

कार्यक्रमाआधी एवढं करा
- मिडी फाईल 'फॉरमॅट 0' मध्ये सेव्ह करा. जुन्या कीबोर्डना तीच वाचायला सोपी.
- पेनड्राईव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करा, पण आधी त्यातल्या फाईली दुसरीकडे ठेवा.
- ढोलकी-तबला महत्त्वाचा असेल तर तो भाग वेव्हमध्ये रेकॉर्ड करून न्या. मात्र समोरचा कीबोर्ड ऑडिओ वाजवतो का, हे आधी विचारा.
- गायकाची पट्टी ऐनवेळी काळी एकवरून काळी तीन झाली, तर मिडीत एका बटणाचं काम. ऑडिओत तसं होईलच असं नाही, म्हणून दोन्ही फाईली जवळ ठेवा.

आणि साऊंड चेकला एकदा पूर्ण गाणं वाजवून बघाच.