शुद्धिपत्राची करामत

कवितासंग्रह छापून हातात येतो आणि दोन ओळींतल्या चुका डोळ्यांत खुपतात. अशा वेळी आपण सगळं पुस्तक पुन्हा छापत नाही. एक लहानसं शुद्धिपत्र छापून आत चिकटवतो. संगणकाच्या इतिहासात या शुद्धिपत्रानं फार मोठं काम केलं आहे.

संगणक चालवणारी मूळ यंत्रणा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. ती पक्की करण्याआधी तिची 'रिलीज कँडिडेट', म्हणजे उमेदवार आवृत्ती काढतात. लोकांनी ती आपापल्या यंत्रावर चालवायची आणि चुका कळवायच्या. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानं १९९१ मध्ये लिनक्स जगापुढे ठेवली, तेव्हा असे हौशी तपासनीस देशोदेशी तयार झाले. अडचण होती टेलिफोनच्या तारेची. ५६ किलोबिटच्या मोडेमवरून ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, एका दिवसाहून जास्त वेळ लागे. तोवर पुढची उमेदवार आवृत्ती दारात उभी!

वाट निघाली ती शुद्धिपत्राची. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाचा प्रोग्राम लिहिला. पॅच म्हणजे ठिगळ. कुठली ओळ काढायची, कुठली घालायची, एवढंच सांगणारी छोटी फाईल मागवायची, ती जुन्या प्रतीवर लावायची आणि नवी आवृत्ती घरच्या घरी बांधायची. यंत्र रात्रभर राबलं तरी चालेल, तार मात्र लवकर मोकळी होई.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 'आरसिंक'ची युक्ती मांडली. आपल्याकडच्या जुन्या फाईलचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाची छोटी खूण पलीकडे कळवायची. पलीकडून न जुळणारा मजकूर तेवढा येतो. पुढं डेबियन या लिनक्सच्या सीडींसाठी 'जिग्डो' आलं. जुन्या सीडीवरचे न बदललेले भाग तिथूनच उचलायचे, उरलेले मागवायचे आणि चित्रकोड्यासारखी नवी सीडी जुळवायची. शेवटी तिची बेरीज मूळ सीडीच्या बेरजेशी ताडून पाहायची. एक अक्षर चुकलं तरी बेरीज जुळत नाही.

यात केवळ वेळेचा आणि पैशाचा प्रश्न नव्हता. ज्यांच्या दारात जाड तार, त्यांनीच तपासणी केली असती, तर चुकाही त्यांच्याच यंत्रांवरच्या सापडल्या असत्या. जुनं यंत्र आणि बारीक तार असलेल्याच्या वाट्याला येणारी चूक कुणी कळवली असती? शुद्धिपत्रामुळे त्यालाही आपलं म्हणणं मांडता आलं.

आज आपल्या मोबाइलवरही पुष्कळदा अख्खी यंत्रणा नव्यानं येत नाही, फक्त फरक येतो. ही काटकसर श्रीमंतीनं शिकवलेली नाही. ती बारीक तारेची देणगी आहे.