यार्डांची मोजणी, विजयांचा हिशेब

अमेरिकेत सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवारी कॉलेज फुटबॉलचे सामने होतात आणि आठवड्याचे उरलेले दिवस त्यांवरच्या वादात जातात. कोणत्या विद्यापीठाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू काखेत धरून बचावफळीत घुसणारा गडी, सर्वांत मोठा? कोणत्या प्रशिक्षकाचे विजय खरे किमतीचे? चाहत्यांच्या तोंडी सतत आकडे असतात, त्यामुळे हा वाद आकडेवारीतून जन्मला असे सहज वाटते. इतिहासात मात्र क्रम उलटा आहे. या खेळात शेवटचा निकाल देणारी स्पर्धाच नव्हती, म्हणून वाद आधी आला. आकडे त्याला पुरावा हवा म्हणून मागाहून गोळा झाले, आणि काय मोजायचे हे ठरवतानाच कोणाची तरी बाजू घेतली गेली.

यार्डाचा या खेळातला प्रवेश तर कोणाचे मोठेपण मोजायला झालाच नव्हता. 1869 साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना पहिला मानतात. त्यात चेंडू घेऊन धावणेच नव्हते. पुढे रग्बीच्या वळणाने ते आले, आणि 1880 मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने चेंडूचा ताबा एका वेळी एकाच संघाकडे राहील असा नियम झाला. त्याचा गैरफायदा लगेच दिसला. 1881 च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात दोन्ही संघांनी एकेक डाव चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना शून्य-शून्य सुटला. म्हणून 1882 मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याची अट आली, आणि ती पाळली जाते का हे कळावे म्हणून मैदानावर दर पाच यार्डांना रेघा आखल्या गेल्या. ज्या मापावर आज धावणाऱ्यांची थोरवी तोलली जाते, ते चेंडू अडवून बसणाऱ्यांना हलवण्यासाठी आणलेले माप आहे. त्यानंतरही कित्येक दशके कोणा गड्याच्या यार्डांची अधिकृत नोंद देशभरात कुठेच होत नव्हती. 18 ऑक्टोबर 1924 रोजी इलिनॉयच्या रेड ग्रेंजने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाऊन केले, म्हणजे चारदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, तेव्हा तो दंतकथा झाला तो वार्ताहरांच्या लेखणीमुळे.

वादाला संस्थेचे रूप कसे आले ते 1935, 1936 आणि 1937 या तीन वर्षांत दिसते. विद्यापीठे आपापले वेळापत्रक ठरवत, बलाढ्य संघ एकमेकांशी खेळतीलच असे नसे. 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या डाऊनटाऊन अ‍ॅथलेटिक क्लबने उत्कृष्ट खेळाडूसाठी चषक सुरू केला. शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर पहिला मानकरी ठरला आणि पुढच्याच वर्षी चषकाला जॉन हाइजमन यांचे नाव मिळाले. 1936 पासून असोसिएटेड प्रेसने दर आठवड्याला पत्रकारांची मते घेऊन संघांची क्रमवारी लावायला सुरुवात केली. ती सुरू करणारे क्रीडा संपादक अ‍ॅलन गूल्ड यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले की दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत उत्सुकता आणि वाद जागता राहावा, हाच हेतू होता. मगच 1937 मध्ये होमर कुक यांनी देशभरचे आकडे एकत्र करणारी कचेरी थाटली. त्या हंगामात कोलोरॅडोचा बायरन व्हाइट 1,121 यार्डांसह पहिला आला. हाच व्हाइट पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला.

यावर कोणी म्हणेल की क्रिकेटप्रेमीही दोन फलंदाजांवरून तासन्‌तास भांडतात, मग यात वेगळे काय? वेगळेपण हे की क्रिकेटचा विश्वचषक मैदानावर जिंकावा लागतो. इथे मतच अजिंक्यपद देत होते. 1964 च्या हंगामात अलाबामाला विजेता ठरवून झाले, आणि नंतर 1 जानेवारीच्या ऑरेंज बोलमध्ये टेक्ससने त्यांना 21-17 असे हरवले. विजेतेपद अलाबामाकडेच राहिले, कारण हंगामानंतरचे हे ‘बोल’ सामने हिशेबाबाहेरचे मानले जात. आता बारा संघांची बाद फेरी असते खरी, पण ते संघही समितीच निवडते.

बोल सामन्यांचा हाच हिशेब रनिंग बॅकच्या वादाचे मूळ आहे. यार्ड वस्तुनिष्ठ असतात, त्यात मताला जागा कुठे, असा आक्षेप घेता येईल. यार्ड वस्तुनिष्ठ असतीलही. बेरीज तशी नाही. बोलमधले यार्ड 2002 पासून वैयक्तिक नोंदीत धरले जाऊ लागले, आधीच्यांना मात्र ते कधी मिळाले नाहीत. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचे 1988 चे 2,628 यार्ड अकरा सामन्यांतले आहेत. हॉलिडे बोलमधले 222 त्यात नाहीत. 2024 मध्ये बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी 2,601 पर्यंत पोहोचला, पण चौदा सामन्यांत. विस्कॉन्सिनच्या रॉन डेनवर तर मला सरळ अन्याय झालेला दिसतो. कारकिर्दीतले त्याचे अधिकृत यार्ड 6,397, आणि तोच विक्रम होता. बोल धरले तर 7,125. डिसेंबर 2016 मध्ये सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीने 6,405 यार्डांवर डेनचा विक्रम मोडला, आणि तोही एका बोल सामन्यातच. पम्फ्रीचा यात काहीच दोष नाही. पण दोन मापांनी मोजलेले आकडे एका यादीत बसवले की चाहत्याने भांडणे हे योग्यच आहे.

प्रशिक्षकांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. सुरुवातीला सामन्यातले डावपेच कर्णधार ठरवी आणि बाहेरून सूचना देण्यास मनाई होती. 1892 मध्ये शिकागो विद्यापीठाने अमोस अलोंझो स्टॅग यांना अध्यापकवर्गात घेतले आणि प्रशिक्षकाचा पगारी, कायमचा पेशा आकाराला येऊ लागला. मग विजय गुरुजींच्या नावावर जमू लागले. अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी 1981 मध्ये 315 वा विजय मिळवून स्टॅग यांना मागे टाकले, तेव्हा तो देशभर सोहळा झाला. चारच वर्षांनी ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे एडी रॉबिन्सन ब्रायंट यांच्याही पुढे गेले आणि 408 विजयांवर थांबले. त्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, असा आक्षेप आजही घेतला जातो. प्रतिस्पर्धी कोण असावेत हे रॉबिन्सन यांच्या हातात होते का? दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच देत नव्हती. अलाबामाच्या मुख्य संघात कृष्णवर्णीय खेळाडू उतरले ते 1971 मध्ये. रॉबिन्सन यांच्या हाताखालून दोनशेहून जास्त गडी व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. अमेरिकन फुटबॉल लीगच्या 1963 च्या हंगामासाठीच्या खेळाडू-निवडीत अगदी पहिले नाव पुकारले गेले ते ग्रॅम्बलिंगच्या बक ब्युकॅननचे. तो वाढला होता बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे अलाबामा राज्यातच, आणि ब्रायंट यांच्या संघाचे दार त्याला बंद होते.