घेरीचे निदान : इतिहास

स्वतःचे शरीर अथवा भोवतालच्या वस्तू प्रत्यक्षात स्थिर असताना त्या गरगर फिरत आहेत, असा जो आभास होतो, त्यास घेरी (भ्रम, व्हर्टिगो) म्हणतात. नुसते गरगरणे, डोके हलके वाटणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपासून ती निराळी समजली जाते. घेरी हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. या लक्षणाचे मूळ कानात आहे की मेंदूत, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे वैद्यकापुढे आहे. त्याच्या उत्तरावर रोग्याचे प्राण अवलंबून असू शकतात, कारण अंतर्कर्णाच्या बिघाडाने येणारी घेरी त्रासदायक असली, तरी बहुधा घातक नसते. उलट लहान मेंदूचा रक्तपुरवठा खुंटल्याने येणारी घेरी काही तासांत जिवावर बेतू शकते.

प्राचीन भारतीय वैद्यकात भ्रमाची नोंद आढळते. चरकसंहितेत वातविकारांच्या यादीत त्याचा समावेश आहे, तर माधवनिदानात मूर्च्छा, तंद्रा, निद्रा व संन्यास यांच्याबरोबर त्याचा विचार केलेला आहे. यूरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घेरी हा मेंदूचाच विकार मानला जाई. मेंदूत रक्त साचल्याने ती येते, अशी समजूत असल्यामुळे रक्तमोक्षण, जळवा लावणे व रेचके देणे हे उपचार केले जात आणि आधीच अशक्त झालेला रोगी त्यामुळे अधिकच खंगत असे.

या समजुतीला पहिला धक्का प्रयोगशाळेतून बसला. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक प्येअर फ्लूरँस (१७९४–१८६७) यांनी १८२० नंतरच्या दशकात कबुतरांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या. त्या पक्ष्यांना ऐकू येत होते. परंतु जी नलिका छेदली असेल तिच्या प्रतलात त्यांचे डोके सारखे हलू लागे आणि ते गिरक्या घेत. या निरीक्षणाचा रोग्यांशी असलेला संबंध पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेन्येर (१७९९–१८६२) यांनी ओळखला. ८ जानेवारी १८६१ रोजी तेथील वैद्यक अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी घेरी, कानातील गुणगुण व बहिरेपणा एकत्र आढळणाऱ्या रोग्यांची हकीकत सांगितली. त्यांत एका तरुणीचा उल्लेख होता. ती एकाएकी बहिरी होऊन घेरीने बेजार झाली व पाचव्या दिवशी मरण पावली. शवविच्छेदनात मेंदू व मेरुरज्जू निर्दोष आढळले. अर्धवर्तुळाकार नलिकांत मात्र तांबूस द्रव्य साचलेले होते. पुढे या तरुणीस रक्ताचा कर्करोग असावा, असे मत मांडले गेले. तिचे उदाहरण मेन्येर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे नसले, तरी घेरी कानातून उद्भवू शकते हा निष्कर्ष खरा ठरला.

झां मार्तँ शार्को (१८२५–९३) यांनी या विकारास मेन्येर यांचे नाव दिले व सिंकोना वृक्षाच्या सालीतील क्विनीन त्यावर वापरले. मोठ्या मात्रेत क्विनीन स्वतःच कानात गुणगुण व बहिरेपणा निर्माण करते. त्यामुळे हा उपचार पुढे मागे पडला.

१८७३–७५ या काळात एर्न्स्ट माख, योझेफ ब्रॉयर आणि अलेक्झांडर क्रम ब्राउन या तिघांनी एकमेकांवर अवलंबून न राहता एकच उपपत्ती मांडली. डोके वळले की नलिकेतील द्रव जडत्वामुळे मागे राहतो, त्यामुळे तेथील संवेदी केस वाकतात व मेंदूस गतीची सूचना मिळते, अशी ती उपपत्ती होय. तिचा निदानासाठी उपयोग व्हिएन्नातील रोबेर्ट बारानी (१८७६–१९३६) यांनी केला. कान धुताना पाणी गार असल्यास रोग्यास घेरी येऊन डोळ्यांना एका दिशेने झटके बसतात (नेत्रदोल) आणि पाणी फार ऊन असल्यास त्यांची दिशा उलटते, असे त्यांच्या लक्षात आले. तापमानामुळे नलिकेतील द्रव खाली किंवा वर सरकतो, असे त्यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. कोणता कान निकामी आहे, हे त्यामुळे प्रथमच जिवंत रोग्यात ठरविता येऊ लागले. या कार्याबद्दल त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले; तेव्हा पहिल्या महायुद्धात पकडले गेल्यामुळे ही वार्ता त्यांना रशियनांच्या कैदेत समजली. १९८३ मध्ये स्पेसलॅब–१ मोहिमेत गुरुत्वाचा प्रभाव जवळजवळ नसतानाही हा नेत्रदोल दिसून आला. त्यामुळे बारानी यांचे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे सिद्ध झाले. कसोटीची उपयुक्तता मात्र कायम राहिली.

कुशीवर वळताना किंवा मान वर करताना क्षणभर येणाऱ्या घेरीचे वर्णन बारानी यांनी १९२१ मध्ये केले. लंडन येथे मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये रोग्यास झटकन आडवे करून ती ओळखण्याची पद्धत सांगितली. अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटाचे सूक्ष्म स्फटिक जागचे सुटून नलिकेत शिरतात, हे तिचे कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. डोके ठराविक क्रमाने वळवून ते स्फटिक नलिकेबाहेर काढण्याची अमेरिकन वैद्य जॉन एप्ली यांची रीत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. आरंभी तिच्याविषयी बरीच शंका घेतली गेली. परंतु काही मिनिटांत व औषधाविना गुण देणारा हा उपाय आज सर्वमान्य आहे. या प्रकारात मेंदूची प्रतिमा घेण्याची सामान्यतः गरज नसते.

मेंदूच्या प्रतिमा मिळू लागल्यावर निदानाचा प्रश्न सुटेल, अशी अपेक्षा होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रोग्याचा सी. टी. स्कॅन काढण्यात आला. या तंत्राने रक्तस्राव चांगला दिसतो. परंतु कवटीच्या तळाशी असलेल्या जाड हाडांमुळे लहान मेंदू व मस्तिष्क स्तंभ यांची प्रतिमा अस्पष्ट येते आणि रक्तपुरवठा खुंटल्याच्या आरंभीच्या खुणा बहुधा निसटतात. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा घेण्याचे तत्त्व मांडले. त्यातून विकसित झालेल्या एम. आर. आय. तंत्राने ही उणीव बरीच भरून काढली. श्रवण तंत्रिकेवरील लहान गाठीही त्यात दिसू लागल्या. तथापि २००९ मध्ये जॉर्ज कट्टाह व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या तंत्राची मर्यादा दाखवून दिली. एकाएकी व सतत घेरी आलेल्या आणि पक्षाघाताचा धोका असलेल्या १०१ रोग्यांची त्यात पाहणी केली होती. रक्तपुरवठा खुंटलेल्या रोग्यांपैकी १२ टक्क्यांत सुरुवातीची एम. आर. आय. प्रतिमा निर्दोष आली. या सर्व प्रतिमा लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलेल्या होत्या.

याच रोग्यांत केवळ डोळ्यांच्या तपासणीने मेंदूचा विकार अचूक ओळखता आला. तीत तीन गोष्टी पाहतात : डोके झटकन वळविले असता नजर लक्ष्यावर टिकते का, नेत्रदोलाची दिशा बदलते का आणि दोन डोळ्यांच्या पातळीत फरक आहे का. यांपैकी पहिली कसोटी मायकेल हॅल्मॅजी व इअन कर्थॉइस यांनी सिडनी येथे १९८८ मध्ये मांडली होती. कान बिघडला असल्यास नजर लक्ष्यावरून घसरते. सतत घेरी असूनही ती टिकून राहिली, तर मेंदूच्या विकाराची शंका घ्यावी लागते. म्हणजे येथे वरवर निर्दोष दिसणारे लक्षणच धोक्याचे असते. मात्र ही तपासणी सरावलेल्या वैद्यानेच व घेरी चालू असतानाच करावी लागते.

प्रतिमातंत्रांनी घेरीच्या ज्ञानात अन्य मार्गांनी मोठी भर घातली. पॉझिट्रॉन उत्सर्जन व कार्यदर्शी एम. आर. आय. या तंत्रांनी १९९० नंतर असे दिसून आले की, कानात गार पाणी घातले असता मेंदूच्या पार्श्विका व शंखक खंडांलगतचे भाग उद्दीपित होतात आणि त्याच वेळी दृष्टीशी संबंधित भागांची क्रियाशीलता घटते. २०११ मध्ये बॉल्टिमोर येथील संशोधकांनी असे दाखविले की, प्रबळ चुंबकाशेजारी अंतर्कर्णातील द्रवावर बल निर्माण होऊन निरोगी माणसालाही नेत्रदोल होतो. म्हणजे घेरी शोधणारे यंत्रच घेरी आणू शकते.

मेन्येर यांच्या विकारात अंतर्कर्णातील द्रवाचे प्रमाण वाढून तेथील पोकळ्या फुगतात, हे १९३८ मध्ये लंडन व ओसाका येथे शवविच्छेदनातून स्वतंत्रपणे दिसून आले होते. हीच फुगवटी जिवंत रोग्याच्या एम. आर. आय. प्रतिमेत जपानी वैद्य त्सुतोमू नाकाशिमा व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविली. मेन्येर यांच्या निबंधाला तेव्हा १४६ वर्षे झाली होती. आज घेरीच्या रोग्यात प्रथम तिचा काळ, तिला निमित्त होणारी हालचाल व डोळ्यांची स्थिती पाहतात आणि त्यांवरून प्रतिमेची गरज ठरवितात. प्रतिमा निर्दोष असली, तरी तेवढ्यावरून पहिल्या दोन दिवसांत पक्षाघात नाही असे मानता येत नाही.