मालवणच्या किनाऱ्यावरील सत्तास्पर्धा व ग्रीक नगरराज्यांचा दाखला

कालावलच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मसुऱ्याजवळ भरतगड आहे. समोरच्या तीरावर भगवंतगड. पहिला वाडीच्या सावंतांनी बांधला, दुसरा कोल्हापूरकर छत्रपतींच्या अमात्यांनी, म्हणजे बावडेकरांनी. एका तीरावरून हाक मारली तर दुसऱ्या तीरास ऐकू जावी, एवढ्या टापूत दोन राज्यांनी परस्परांवर नजर ठेवण्यासाठी दोन किल्ले उभे करावेत, ही गोष्ट आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या अठराव्या शतकातील इतिहासाचे मर्म सांगणारी आहे. ग्रीसचा इतिहास अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यास येथे कॉरिंथ आणि कॉर्सायरा यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंतचा प्रवास शिडाच्या गलबतास फार दिवसांचा नव्हे. तेवढ्या पट्ट्यात त्या काळी कुडाळचे सरदेसाई असलेले वाडीकर सावंत, मालवण व सिंधुदुर्ग राखून असलेले कोल्हापूरकर आणि विजयदुर्गचे आंग्रे अशा तीन सत्ता नांदत होत्या. दक्षिणेस गोव्यात पोर्तुगीज, उत्तरेस मुंबईकर इंग्रज आणि घाटावर पेशवे. उत्पन्नाची साधने मात्र थोडी. भात, नारळ, मीठ, बंदरांची जकात आणि समुद्रावरून जाणाऱ्या गलबतांना दस्तके देऊन मिळणारा पैसा. दस्तक नसलेले जहाज धरावयाचे, हा आंग्र्यांच्या दृष्टीने राजसत्तेचा हक्क होता. इंग्रजांनी त्यास चाचेगिरी म्हटले. वास्तविक मुंबईकर स्वतः असेच परवाने देत असत. डेलोसच्या संघाची खंडणी गोळा करणाऱ्या अथेन्सलाही तिचे मित्र जुलमी म्हणत, आणि तीच खंडणी अथेन्सच्या लेखी समुद्र सुरक्षित ठेवल्याचे मोल होती. समुद्रावरील हक्काची व्याख्या ज्याचे आरमार टिकते तो करतो.

एपिडॅम्नससारख्या आडबाजूच्या नगरीवरून इ. स. पूर्व 435 मध्ये जे भांडण जुंपले त्यातून पुढे अथेन्स व स्पार्टा यांचे सत्तावीस वर्षांचे युद्ध उद्भवले. आपल्याकडे ते स्थान साळशी महालाचे. या महालाच्या निम्म्या वसुलावर शाहू छत्रपतींच्या सनदेने सावंत व आंग्रे या दोघांचाही संबंध जोडला गेला. पुढे 1731 च्या वारणेच्या तहाने साळशीपासून अंकोल्यापर्यंतचे कोकण शाहूंनी कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींना दिले. या रेषेच्या पोटात सावंतांचे वतन होते, पोर्तुगीजांचा गोवाही होता. त्या दोघांना कोणी विचारले नव्हते! याच तहात एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत व एकाच्या शत्रूचे पारिपत्य दुसऱ्याने करावे अशी कलमे आहेत. अथेन्स-स्पार्टा यांच्या इ. स. पूर्व 446 च्या तीस वर्षांच्या तहातही एकाचे मित्र दुसऱ्याने फोडू नयेत असा करार होता. असे कलम घालावे लागते, याचा अर्थ ती रीत सर्रास चालू होती.

येथे एक भेद मात्र नोंदविला पाहिजे. ग्रीक नगरराज्ये कोणासच धनी मानीत नसत. कोकणातील सत्ता मराठा छत्रपतींचे नाव घेत. परंतु छत्रपतीच दोन असल्याने निष्ठेलाही दोन दारे होती, आणि सावंतांनी प्रसंग पाहून दोन्ही वापरली.

मराठी आरमाराच्या नाशाचा विषय निघाला की सारा दोष नानासाहेब पेशव्यांच्या पदरी घालण्याचा प्रघात आहे. तो दोष खोटा नाही. मार्च 1755 मध्ये पेशव्यांचा सुभेदार रामाजी महादेव याने मुंबईकरांशी तुळाजी आंग्र्याविरुद्ध करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या बंदरातच आंग्र्यांचे आरमार जाळले. मराठ्यांच्या हाती किल्ला पुन्हा आला, गलबते आली नाहीत. परंतु परक्यास घरच्या वादात घेण्याची वाट पेशव्यांनी पाडलेली नव्हे. पंचवीस वर्षे आधी, 1730 मध्ये, फोंड सावंताने आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी तह केला होता. आंग्र्यांच्या घरातही सेखोजीच्या मृत्यूनंतर (1733) भावाभावांत फूट पडली, आणि मानाजीने पेशव्यांचा आश्रय केला. यातील प्रत्येक पक्षाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर होता. ज्याची गलबते रोज किनारा लुटतात तो आंग्रे सावंतांस जवळचा शत्रू वाटला, आणि मुंबई दूर वाटली. स्पार्टाने इ. स. पूर्व 412 मध्ये इराणी पैशासाठी आशियातील ग्रीक नगरे शहाच्या स्वाधीन करण्याचे मान्य केले, तेव्हा त्यांनाही सूसा दूरच वाटत होते.

पोर्तुगीजांशी सावंतांचा व्यवहार याहून बोलका आहे. 1739 मध्ये उत्तरेत चिमाजी आप्पा वसईस वेढा घालून बसले असता सावंतांनी बारदेशात मुसंडी मारली. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी उलट खाऊन हळर्ण व तेरेखोल घेतले. मग याच शत्रूचे साहाय्य सावंतांना का घ्यावे लागले? तिसरा खेम सावंत (1755-1803) याने जयाप्पा शिंद्यांची कन्या लक्ष्मीबाई हिच्याशी 1763 मध्ये विवाह केला. त्या संबंधामुळे दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब त्यास मिळाला. कोल्हापूरच्या दरबारास तो खुपला. शिंद्यांचे वजन होते खरे, पण ग्वाल्हेर लांब होते. कोल्हापूरकरांनी वाडीचे गड घेतले, आणि 1788 मध्ये त्यांच्याविरुद्ध मदत मिळावी म्हणून खेम सावंताने पेडणे पोर्तुगीजांच्या पदरात टाकले. एका मानाच्या किताबापासून एका महालाच्या त्यागापर्यंतची ही साखळी मला या काळातील सर्वांत शोचनीय वाटते. थ्युसिडिडीजच्या इतिहासात अथेन्सचे वकील साम्राज्य राखण्याची तीन कारणे सांगतात: भय, मान आणि लाभ. येथे मानाने आरंभ केला.

दरम्यान इंग्रजांनी दोघांनाही सारखेच वागविले होते. 1765 मध्ये त्यांनी कोल्हापूरकरांकडून सिंधुदुर्ग घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले, आणि सावंतांकडून रेडीचा यशवंतगडही घेतला. पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या जिजाबाईंनी पैसा व वचने देऊन सिंधुदुर्ग सोडविला. सावंतांना दोन लाख रुपयांच्या भरण्यासाठी वेंगुर्ले बंदर तेरा वर्षांकरिता गहाण टाकावे लागले. एकाच वैऱ्याने एकाच वर्षी दोघांना ठोकले, तरी वाडी व कोल्हापूर एकत्र आली नाहीत. उलट पुढील वीस वर्षांत त्यांचे वैर वाढतच गेले.

1812 मध्ये उभयतांनी इंग्रजांशी तह केले. कोल्हापूरने मालवण व सिंधुदुर्ग दिला, वाडीने वेंगुर्ले दिले. लढाऊ गलबतेही सोडून देण्याचे ठरले. शिवाय कोल्हापूरच्या मुलखाचे परचक्रापासून रक्षण करण्याची हमी कंपनीने घेतली. इ. स. पूर्व 386 मध्ये सर्व ग्रीक नगरे स्वायत्त असल्याचा जाहीरनामा इराणच्या शहाने काढला होता; ही हमी त्याच जातीची. तिचा प्रत्यय लवकरच आला. वाडीच्या दुर्गाबाईंनी कोल्हापूरकरांनी पूर्वी जिंकलेला भरतगड परत घेतला. तो सोडा, असे इंग्रजांनी सांगितले. बाईंनी साफ नाकारले. तेव्हा कंपनीची पलटण मसुऱ्यास गेली, आणि सावंतांनी बांधलेला गड तिने सावंतांकडून काढून खाडीपलीकडच्या बावडेकरांच्या धन्यास दिला.