करिकालाचा बांध आणि आमचा पाट

रामेश्वरच्या यात्रेला गावातून आम्ही बावीस जण निघालो. संक्रांत नुकतीच झाली होती. श्रीरंगमचं दर्शन झाल्यावर बायामंडळी बाजारात शिरली. मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, इथं जवळच कावेरीवर जुना बांध आहे ना? कल्लणै?" मदुराईचा तो पोरगा, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. आधी हसला. यात्रेकरू देऊळ विचारतात, हा बाबा बांध विचारतो. पण घेऊन गेला.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. या बांधाबद्दल कुठंतरी वाचलं होतं तेव्हापासून तो मनात घर करून होता. त्याचं कारण आमच्या गावात आहे, ते पुढं सांगतो.

कल्लणै म्हणजे दगडाचा बांध. चोळ राजा करिकालानं तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बांधला असं मानतात. म्हणजे अठराशे वर्षं झाली. लांबी साधारण ३२९ मीटर, रुंदी २० मीटर, उंची साडेपाच मीटरच्या आत. नागमोडी आकाराचा. जवळच हत्तीवर बसलेल्या करिकालाचा पुतळा आहे. आता बांधावर पूल आहे, दरवाजे आहेत, गाड्या जातात. ते सगळं मागाहून झालेलं. मूळ दगड खाली, पाण्याला पाठ देऊन बसलेला.

हे पाणी साठवायचं धरण नाही. श्रीरंगमच्या वरच्या अंगाला मुक्कोंबूला कावेरीचे दोन फाटे होतात. एक कावेरी, दुसरी कोळ्ळिडम. मधल्या बेटावर श्रीरंगम. बेट संपतं तिथं दोन्ही नद्या पुन्हा जवळ येतात. कोळ्ळिडमचं पात्र खोल, त्यामुळं कावेरीचं पाणी तिकडं पळायला बघतं. ते पळालं की सरळ समुद्रात, आणि तंजावरची भातं कोरडी. बांध त्या पळवाटेवर आडवा पडलाय. शेतीचं पाणी शेताकडं वळवायचं आणि पूर आला की जादा पाणी कोळ्ळिडममध्ये सोडून द्यायचं, एवढंच त्याचं काम.

मला अप्रूप वाटलं ते पायाचं. खाली नुसती वाळू. खडक लागतच नाही. मग करायचं काय? तर मोठे दगड वाळूत टाकायचे. ते खचतात. त्यांच्यावर आणखी टाकायचे. तेही खचतात. खचायचे थांबेपर्यंत टाकत राहायचं. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन नावाचा इंग्रज इंजिनिअर इथं आला. वाळूत पाया कसा धरायचा, ते आपण इथल्या जुन्या लोकांकडून शिकलो, असं त्यानं मोकळेपणानं मान्य केलं. १८३६ ते १८३८ मध्ये त्यानं मुक्कोंबूला बंधारा घातला. पुढं १८४७ ते १८५२ मध्ये धवळेश्वरमला गोदावरी अडवली. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी तीच गोदावरी.

तंजावरला आपल्या भोसल्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथं गेले, आणि १८५५ पर्यंत त्यांचा वंश गादीवर होता. त्यांच्या कोठारातला तांदूळही या कावेरीच्याच पाण्यावर पिकला.

पुलावर एक म्हातारा शेतकरी भेटला. खांद्यावर पंचा, पाय चिखलाचे. ड्रायव्हर मधे दुभाषा झाला. मी विचारलं, एवढी वर्षं बांध टिकला कसा? मला वाटलं, राजाचं नाव घेईल. तो म्हणाला, "पूर येतो, दगड हलतो. माणसं परत लावतात." पूर्वी तिकडं कुडिमरामत्तु म्हणून रीत होती. तळं, पाट, बांध यांची डागडुजी गावानं आपल्या हातानं करायची. तो सांगत होता आणि माझी मान खाली जात होती.

कारण हे सगळं माझ्या घरचं होतं. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वीचे बंधारे आहेत. त्यांना दरवाजे नाहीत, वरून पाणी वाहून जातं, बाजूनं पाट निघतो. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. यंदा कुठल्या फडात ऊस आणि कुठल्यात बाजरी, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाटकरी, जागल्या, हवालदार नेमलेले, त्यांना सुगीला धान्य. पाऊसकाळाच्या आधी घरटी एक माणूस गाळ काढायला. माझा बाप म्हणायचा, "दगड नदीना शे, पन बांध आपला शे."

बाप गेला आणि मी बोअर घेतली. पाणी भरपूर लागलं. त्या साली गाळ काढायला बोलावणं आलं तेव्हा मी म्हणालो, "मला आता पाटाचं पाणी लागत नाही, मी कशाला येऊ?" माझं शेत पाटाच्या तोंडाशी. माझं बघून शेजाऱ्यानं बोअर घेतली, त्याचं बघून पुढच्यानं. पाच-सहा वर्षांत गाळ काढायला कोणी उरलं नाही. शेवटच्या फडातली गरीब माणसं दोन वर्षं एकटी राबली, मग तीही थांबली. त्यातले दोघं जमीन विकून सुरतेला गेले. पुढं एका पुरात बंधाऱ्याची एक बाजू ढासळली. कोणी दगड लावला नाही. आता माझ्या बोअरलाही होळीनंतर पाणी नसतं. पाट वाहायचा तेव्हा जमिनीत पाणी मुरायचं, हे मला बोअर आटल्यावर कळलं.

लोक म्हणतात, सरकारनं लक्ष दिलं नाही. असेलही. पण पहिला 'नाही' मी म्हणालो होतो.

मेट्टूरचं मोठं धरण १९३४ साली झालं. जूनमध्ये तिथून पाणी सुटतं, काही दिवसांनी ते कल्लणैला पोचतं. मग दरवाजे उघडतात, लोक पाण्यात फुलं सोडतात. नवं धरण आलं म्हणून त्यांनी जुना बांध टाकून दिला नाही. दोघांना कामाला लावलं.

घरी आल्यावर मी पारावर हे सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. पोरं मोबाईलमध्ये बघत होती, म्हातारे हूं हूं करत होते. वैशाखात एका सकाळी मी फावडं-घमेलं घेऊन पाटावर गेलो. चार जण आले. त्यात सुरतेला गेलेल्या एकाचा भाऊ होता. तो मला काही बोलला नाही, फक्त घमेलं उचललं.

आठ दिवसांत शंभर-दीडशे फूट गाळ निघाला. ढासळलेला बंधारा अजून तसाच आहे, तो पाच माणसांचं काम नाही. पण खाली गाळात जुना दगडी काठ लागला, अजून ओळीत बसलेला. यंदाही वैशाखात आम्ही जाणार आहोत. ज्याला यायचं त्यानं यावं, घमेली माझ्याकडं आहेत.