कोर्चाक यांचा पहिला उन्हाळा

यानुश कोर्चाक हे नाव आपल्याकडील वाचकांच्या कानी आले ते बहुधा त्यांच्या मरणामुळे. 1942 च्या ऑगस्टमध्ये नाझींनी वॉर्साच्या कोंडलेल्या ज्यू वस्तीतून त्यांच्या अनाथगृहातील सुमारे दोनशे मुले त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेली, तेव्हा स्वतःच्या सुटकेची संधी नाकारून हा वृद्ध डॉक्टर मुलांसमवेत गेला. त्याआधी तीनच आठवडे, 18 जुलैस, त्याच अनाथगृहातील मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' करून दाखविले होते. ह्या मरणापुढे माणसाचे उरलेले सारे आयुष्य झाकोळून जावे, यात नवल नाही. तथापि आम्हांस वाचकांना अडतीस वर्षे मागे, 1904 च्या उन्हाळ्यात न्यावयाचे आहे. त्या वेळी हा माणूस केवळ वैद्यकाचा एक विद्यार्थी होता आणि मुलांशी कसे वागावे, हे त्यास मुळीच कळत नव्हते.

शहरातील गरीब मुलांस सुटीत रानावनात नेऊन ठेवण्याची कल्पना स्वित्झर्लंडची. झुरिक येथील वाल्टर बिऑन नावाच्या पाद्र्याने 1876 साली 68 मुलांस आप्पेन्झेलच्या डोंगरात नेले, तो तिचा आरंभ समजतात. पुढे 1882 मध्ये डॉक्टर स्तानिस्लाव मार्किएविच यांनी वॉर्सात तशीच संस्था काढली. हेतू साधा होता : तळघरात व कोंदट चाळींत वाढणाऱ्या पोरांस चार आठवडे मोकळी हवा, दूध आणि पोटभर अन्न मिळावे. मुलांचे वजन जाताना व परतताना घ्यावयाचे आणि जी वाढ दिसेल तीच कार्याची पावती, असा एकंदर हिशेब असे. मुलांबरोबर जाणारा तरुण पर्यवेक्षक कोण आणि कसा, याची चौकशी फारशी कोणी करीत नसावे.

अशा एका वसाहतीत, मिहावूफ्का येथे, ज्यू मुलांचा पर्यवेक्षक म्हणून कोर्चाक गेले. पुढे पहिल्या महायुद्धात सैन्यातील डॉक्टर असताना त्यांनी 'मुलावर प्रेम कसे करावे' हा ग्रंथ लिहावयास घेतला. 1920 साली त्याचा जो भाग प्रसिद्ध झाला त्यात ह्या उन्हाळी वसाहतींची हकीकत आहे, आणि ती आम्हांस त्यांच्या साऱ्या लेखनात अधिक मोलाची वाटते. कारण शिक्षकांच्या आठवणी म्हटल्या म्हणजे त्यांत विद्यार्थ्यांच्या चुका असावयाच्या. येथे आहेत त्या शिक्षकाच्या.

मुलांचा सहवास म्हणजे निव्वळ मौज, अशी त्यांची समजूत होती. आपण मुलांवर प्रेम करतो, तेव्हा मुलेही आपल्यावर प्रेम करणारच! पण जेवताना कोणी कोठे बसावयाचे येथपासून तंटे सुरू झाले. रात्री दिवे मालवल्यावर निजावयाच्या खोलीत जो गोंगाट उसळला, तो आवरेना. तेव्हा ह्या प्रेमळ तरुणाने अंधारात हाती सापडलेल्या एका मुलाचा कान पिळला आणि गप्प न बसल्यास बाहेर मोकाट सोडलेल्या कुत्र्याच्या स्वाधीन करीन, अशी धमकी दिली. पोराटोरांच्या खोड्यांनी जेरीस आलेल्या कोणत्याही मास्तरास यात विशेष काही वाटणार नाही. कोर्चाक यांस मात्र ही गोष्ट जन्मभर सलली. नाहीतर इतक्या वर्षांनी त्यांनी ती कोणी न विचारता छापली नसती.

मग त्यांनी मुलांस अरण्यात नेले आणि तेथे बसून गोष्टी केल्या. ते लिहितात की, मुलांना उद्देशून न बोलता मुलांशी बोलणे आपणांस त्या दिवशी प्रथम साधले. आपल्याला त्यांनी कसे व्हावयास हवे, हा विषय बाजूस राहिला आणि त्यांना काय व्हावेसे वाटते, हे निघाले. एवढीच घटना. तीत अद्भुत असे काही नाही. परंतु ह्या कार्यातील आनंद म्हणून जो म्हणतात, तो कोर्चाक यांच्या हाती लागला तो येथे. आरंभी त्यांनी गृहीत धरलेली मौज त्यांच्या स्वतःच्या चांगुलपणाची होती. मुले त्या मौजेस निमित्तमात्र होती. आपल्याकडेही सुटीत भाचे-पुतणे गोळा झाले की पहिले दोन दिवस हौसेने गोष्टी सांगणारे आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राआड लपणारे मामा-काका घरोघर आढळतात. (त्यांत आमचीही गणना होते, हे कबूल केले पाहिजे.)

1907 साली कोर्चाक पुन्हा मिहावूफ्कास गेले, 1908 मध्ये विल्हेल्मूफ्का येथे पोलिश ख्रिस्ती मुलांबरोबर राहिले, आणि ह्या अनुभवांवर त्यांनी 1910 व 1911 साली दोन पुस्तके लिहिली. ती मुलांचीच पुस्तके आहेत. त्यांत भांडणे आहेत, रुसवे आहेत, आणि भांडणांचा निवाडा करणारे मुलांचेच एक न्यायालयही आहे.

1912 मध्ये वॉर्सातील क्रोखमाल्ना रस्त्यावर अनाथगृहाची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा कोर्चाक रुग्णालयातील जागा सोडून तेथे राहावयास गेले. उन्हाळा त्यांनी सोडला नाही. गोत्सवावेक येथे 1921 पासून अनाथगृहाची स्वतःची उन्हाळी वसाहत होती. जर्मनांच्या अमलात, 1940 च्या उन्हाळ्यातही, परवानगी मिळवून ते मुलांस तेथे घेऊन गेले.

न्यायालयही अनाथगृहात आले. त्याची कलमे कोर्चाक यांनीच रचली आणि त्यांतील पहिली नव्याण्णव कलमे क्षमेची होती. मोठ्या माणसांवरही तेथे फिर्याद करता येई. सहा महिन्यांत आपण स्वतः पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिलो, असे कोर्चाक यांनी नमूद केले आहे. एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतल्याबद्दल, एकदा न्यायाधीशाचाच अपमान केल्याबद्दल; आणि एकदा एका मुलाच्या कानशिलात दिल्याबद्दल.